१९४५ ते १९६५ या काळात बांधलेल्या गोल्फ कोर्सेसमध्ये खरोखर काही गुण आहेत का, आणि ते ओळखावेत कसे?

आपल्या क्लबचा कोर्स १९५९ सालचा असून त्या काळात बुलडोझर फिरवून केलेल्या कोर्सेसमध्ये जतन करण्यासारखे काही नसते असे काही सभासदांचे म्हणणे आहे, तेव्हा अशा कोर्सचे गुणदोष नेमके कशावरून ठरवावेत, असे आपण विचारले आहे. हा प्रश्न वाचून उत्तर लिहिल्यावाचून मला राहवले नाही. आमच्या क्लबच्या ग्रीन कमिटीवरची, म्हणजे कोर्सची देखभाल पाहणाऱ्या समितीवरची, माझी शेवटची दोन वर्षे याच एका वादात गेली आणि त्या वादापायी आम्ही एक उत्तम ग्रीन, म्हणजे झेंडा आणि भोक असलेली बारीक कापलेल्या गवताची जागा, कायमचे गमावले.

माझे मत आधीच सांगून टाकतो. युद्धानंतरच्या कोर्सेसना सरसकट नावे ठेवणाऱ्या बहुतेकांनी ते कोर्स मूळ रूपात पाहिलेलेच नसतात. साठ वर्षांची गवतकापणी, मध्येच कोणाच्या तरी उत्साहातून झालेले वृक्षारोपण आणि दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या कमिट्यांचे ठराव यांतून जे उरले आहे तेच त्यांच्यासमोर असते, आणि त्यालाच रचनाकाराची रचना समजून ते निकाल देऊन मोकळे होतात.

या काळावरचे आक्षेप मला पाठ आहेत. जुन्या परंपरेचे थोर कोर्स-रचनाकार एकेक करून गेले: मॅकेन्झी १९३४ मध्ये, टिलिंगहास्ट १९४२ मध्ये आणि डोनाल्ड रॉस १९४८ मध्ये. मंदी आणि महायुद्ध यांमुळे मधल्या दीड दशकात नवे काम फारसे झालेच नाही, आणि त्यानंतर अमेरिकेत जे काम सुरू झाले ते मुख्यतः रॉबर्ट ट्रेंट जोन्स आणि डिक विल्सन या दोघा रचनाकारांच्या वळणाने गेले. लांबी वाढली, ग्रीन्स ऐसपैस झाली, पाणी खेळात आले आणि ग्रीनच्या दोन्ही खांद्यांवर बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, येऊन बसले. एवढे सगळे खरे आहे. मात्र या मंडळींचा जुन्या परंपरेशी संबंधच नव्हता, हा जो पुढचा आरोप केला जातो, तो निखालस चुकीचा आहे. विल्सन हा टूमी आणि फ्लिन या जुन्या पिढीतल्या कोर्स बांधणाऱ्या जोडीच्या हाताखाली तयार झाला होता आणि १९३१ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या शिनेकॉक हिल्स या कोर्सच्या कामावर होता. जोन्सने कॉर्नेल विद्यापीठात या व्यवसायाला लागतील असे विषय स्वतः निवडून अभ्यास केला, पुढे स्टॅन्ली थॉम्पसन या जुन्या रचनाकाराबरोबर भागीदारी केली, आणि अटलांटातील पीचट्री क्लबचा कोर्स त्याने बॉबी जोन्सच्या सोबतीने आखला; हा बॉबी जोन्स म्हणजे मॅकेन्झीला घेऊन ऑगस्टाचा प्रसिद्ध कोर्स उभा करणारा नामवंत खेळाडूच. परंपरा तुटली असती तर पीचट्रीची ती मोठी, वळणावळणाची ग्रीन्स झालीच नसती.

गैरसमजाचे मूळ मला १९५१ मध्ये दिसते. त्या वर्षीच्या यू.एस. ओपन या अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ट्रेंट जोन्सने ओकलंड हिल्सचा रॉसने आखलेला कोर्स बदलला आणि अव्वल खेळाडूंचे ड्राइव्ह, म्हणजे पहिले लांब फटके, जेथे पडतात तेथे दोन्ही बाजूंनी बंकर आणून फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, आवळला. संपूर्ण स्पर्धेत सत्तर फटक्यांच्या आत फक्त दोन फेऱ्या झाल्या, क्लेटन हेफनरची ६९ आणि बेन होगनची अखेरची ६७, आणि होगन चार फेऱ्यांत २८७ म्हणजे पारपेक्षा, ठरलेल्या अपेक्षित फटक्यांपेक्षा, सात जास्त करून जिंकला. कोर्सला राक्षस हे नाव चिकटले आणि पुढे सगळा कालखंडच त्या नावाने ओळखला जाऊ लागला. परंतु ते स्पर्धेच्या तीन दिवसांसाठी केलेले काम होते. ‘पार अवघड, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) सोपी’ हे जोन्सचे स्वतःचे सूत्र होते, आणि त्याच्या कोर्सची परीक्षा घेणारे त्या सूत्राचा पहिलाच अर्धा भाग तपासतात. मध्यम हँडिकॅपच्या, म्हणजे मध्यम कुवतीच्या, खेळाडूला एखाद्या पार चारच्या होलवर वाकडी वाट करून, पाणी टाळून ग्रीन गाठून पाच फटक्यांत चेंडू भोकात घालता येतो की नाही, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही.

आता आमची हकीकत सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यातच आहे.

आमचा कोर्स १९५७ साली शेतजमिनीवर उभा राहिला. मी कमिटीवर असताना तत्कालीन अध्यक्षांनी एका कोर्स आर्किटेक्टला बोलावले. त्या दोघांचीही नावे मी घेत नाही. आर्किटेक्ट दोन दिवस फिरले आणि त्यांनी अहवाल दिला की ग्रीन्स गोल व निर्जीव आहेत, फेअरवेच्या डाव्या बाजूने खेळले काय आणि उजव्या बाजूने खेळले काय, काही फरक पडत नाही, त्यामुळे अठराही ग्रीन्स उखडून १९२०च्या दशकाच्या धर्तीवर, फाटक्या कडांचे बंकर करून, कोर्स नव्याने बांधावा. अध्यक्षांनी सभेत त्यावर कडी केली. आपला कोर्स साच्यातून काढलेला आहे, त्यात आखणी अशी नाहीच, असे ते म्हणाले. हे वाक्य मी आजवर विसरू शकलेलो नाही.

मला शंका आली ती सातव्या होलवर. ४१० यार्डांचे पार चार, ग्रीन जवळपास वर्तुळाकार, साडेचार हजार चौरस फुटांचे. परंतु ज्या उंचवट्यावर ते बसले होते तो उंचवटा त्या वर्तुळाच्या मानाने फारच मोठा होता, आणि मागचा डावा बंकर ग्रीनच्या कडेपासून चांगला दहा पावले दूर पडला होता. त्या बंकरात चेंडू जायचा तो केवळ फार मोठ्या चुकीने. ग्रीनपासून इतक्या लांब, कशाचेच रक्षण न करणारा बंकर कोणता रचनाकार खोदील? एके दिवशी कोर्स बंद असताना पहाटे मी आणि आमचे मुख्य ग्रीनकीपर माती तपासण्याची पोकळ नळी घेऊन तेथे गेलो. ग्रीनच्या मध्यावर नळी दाबून वर काढली तेव्हा तिच्यात तळाशी काळी माती आणि तिच्यावर पाच इंचांपर्यंत वाळूचे पट्टे होते. एक पिवळट पट्टा, मग कुजलेल्या गवताची तपकिरी रेघ, पुन्हा पिवळट पट्टा, असे वर्षानुवर्षे ग्रीनवर वाळू पसरण्याचे, म्हणजे टॉपड्रेसिंगचे, पापुद्रे. मग आम्ही मागच्या डाव्या बंकराच्या दिशेने एकेक पाऊल बाहेर सरकत नळी दाबत गेलो. कॉलरच्या, म्हणजे ग्रीनभोवतीच्या जरा उंच गवताच्या कडेच्या, बाहेर, रफमध्ये, म्हणजे न कापलेल्या गवतात, तिसऱ्या पावलावरही वाळूचे पट्टे होते, फक्त वरचे काही नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी गवताच्या मुळ्यांची माती होती. सहाव्या पावलावर पट्टे आणखी कमी. ग्रीनकीपरनी नखाने ते मोजले आणि ‘इथली कापणी आधी थांबली’ एवढेच म्हणाले. नवव्या पावलावर नुसती तपकिरी माती लागली, वाळूचा कण नाही.

जेथे जेथे वाळू संपली तेथे ते पांढऱ्या रंगाचा ठिपका देत गेले. दुपारपर्यंत ठिपके जोडून झाले आणि समोर जी आकृती उभी राहिली ती वर्तुळ मुळीच नव्हती. पुढे एक रुंद भाग, उजवीकडे थोडी उंचावरची फळी आणि मागे डावीकडे बंकराला जाऊन भिडणारी एक निमुळती जीभ. मोजमाप केले तर सात हजार शंभर चौरस फूट भरले. कार्यालयातल्या कपाटात पुढे १९६३ सालचे हवाई छायाचित्र सापडले, त्यातही हीच आकृती होती.

ग्रीन असे आक्रसते कसे, ते ज्यांनी गवत कापण्याचे मशीन चालवले आहे त्यांना ठाऊक असते. ग्रीनच्या कडेने शेवटचा फेरा मारताना कॉलरचे उंच गवत खरवडले जाऊ नये म्हणून चालवणारा बोटभर आत राहतो, पुढच्या वेळी त्या नव्या कडेपासून पुन्हा बोटभर आत. त्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून बसून चालवण्याची तीन पात्यांची मशिन्स आली, आणि निमुळत्या जिभेत असे मशीन वळतच नाही, म्हणून कोपरे गोल होत गेले. यात कोणाचा दोष नाही, पण वीस-तीस वर्षांत ग्रीनचा तिसरा हिस्सा गेला आणि नेमका तोच हिस्सा गेला ज्यात होलचा सगळा विचार साठवलेला होता.

झेंडा त्या मागच्या डाव्या जिभेवर असेल तर फेअरवेच्या डाव्या अर्ध्या भागातून मारणाऱ्याला बंकर आडवा येतो. उजव्या कडेवरून मारणाऱ्याला मात्र ती जीभ लांबीच्या दिशेने उघडी दिसते. आणि उजव्या कडेवर २४० यार्डांवर फेअरवे बंकर होता, म्हणजे चांगल्या कोनासाठी तेथे धोका पत्करणे भाग होते. झेंडा उजव्या फळीवर असला की हिशेब उलटा. आमच्या आर्किटेक्टना डाव्या-उजव्यात फरक दिसला नाही याचे कारण फरक घडवणारे कोपरे रफमध्ये गेले होते, आणि जेथून उजवीकडचा कोन मिळायचा तो फेअरवेचा भाग नंतर लावलेल्या सुरूच्या रांगेखाली गेला होता. १९६३ च्या छायाचित्रात त्या रांगेतले एकही झाड नाही. फेअरवे अरुंद आहे हा अध्यक्षांचा आणखी एक आक्षेप होता. तो अरुंद करणारी झाडे त्यांच्या आधीच्या एका कमिटीने लावली होती आणि दोष मात्र १९५७ च्या रचनाकाराच्या माथी मारला जात होता.

सभेत मी छायाचित्रे दाखवली, नळीतल्या मातीचे नमुने मांडले. पैसे मंजूर झाले आहेत आणि जुन्या ग्रीनचे कौतुक करत बसायला वेळ नाही, असे उत्तर मिळाले. त्याच हंगामात सातवे ग्रीन उखडले गेले. नव्या ग्रीनची छायाचित्रे सुंदर येतात. फाटक्या कडांचे बंकर आहेत, पण दोन झेंड्यांच्या जागा सोडल्या तर बाकी सगळा एकच उतार आहे आणि फेअरवेवर कोठूनही मारले तरी दुसरा फटका तोच राहतो. चार ग्रीन्स झाल्यावर पैसे संपले. उरलेल्या चौदांपैकी तीन ग्रीन्स मूळ कडेपर्यंत वाढवण्याची परवानगी ग्रीनकीपरना मिळाली, त्यांतले एक अकरावे. तेथे त्यांनी दोन हंगाम कापणीची उंची टप्प्याटप्प्याने उतरवली, माती भोके पाडून मोकळी केली, वाळू भरली. त्या कामाचा खर्च एका नव्या बंकराइतकाही झाला नाही.

आपल्या प्रश्नाकडे वळायचे तर, पारख सुरू करावी ती ग्रीनच्या उंचवट्यापासून आणि त्याच्याभोवतीच्या बंकरांपासून. बंकर ग्रीनपासून विनाकारण दूर वाटला की तेथे काहीतरी हरवले आहे असे समजावे. या काळातली मोठी ग्रीन्स केवळ बडेजावासाठी नव्हती. खेळणाऱ्यांची संख्या वाढत होती, झेंडा रोज हलवून झीज वाटून घ्यायची होती, आणि १९५०च्या दशकात आलेले पेनक्रॉस बेंट किंवा १९५६ चे टिफग्रीन बर्म्युडा यांसारखे गवत आणि स्वयंचलित पाणीपुरवठा यांमुळे तेवढे क्षेत्र नीट राखणे पहिल्यांदाच शक्य झाले होते. एका ग्रीनवर तीन-चार स्वतंत्र लक्ष्ये सामावणे हे या काळाचे सर्वांत मोठे देणे आहे असे मी मानतो. विल्सनचा १९६२ चा फ्लोरिडातील पाइन ट्री कोर्स पाहा. जमीन सपाट, पण उचलून घेतलेली ग्रीन्स खेळाच्या रेषेला तिरकी बसवल्यामुळे प्रत्येक झेंडा वेगळा फटका मागतो.

ग्रीनच्या उतारांवर मत देण्यापूर्वी ग्रीनवर चेंडू घरंगळण्याचा वेग उतरवून पाहावा. यू.एस.जी.ए. या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात दीड हजारांहून अधिक ग्रीन्सवर स्टिम्पमीटर, म्हणजे चेंडू किती फूट घरंगळतो ते मोजणारे साधन, लावला तेव्हा सरासरी सुमारे साडेसहा फूट निघाली. आजचे सभासद दहा-अकरा फूट मागतात, मग १९५७ चा पाच टक्के उतार त्यांना अन्यायकारक वाटतो आणि कमिटी तो सपाट करून टाकते. आमच्याकडे वेग नऊ फुटांवर आणल्याबरोबर अकराव्या ग्रीनच्या तक्रारी थांबल्या. उतार जसा होता तसाच होता.

फेअरवे बंकरांचेही तेच. त्या काळच्या अव्वल खेळाडूसाठी २४० ते २६० यार्डांवर ठेवलेला बंकर आजचा अव्वल खेळाडू विनासायास ओलांडतो आणि तो बंकर आता फक्त क्लबच्या चांगल्या हौशी खेळाडूला धरतो. यावरून बंकरच निरर्थक होता असा निष्कर्ष काढणे चूक आहे. टी, म्हणजे पहिला फटका मारण्याची जागा, मागे नेता येत असेल तर तो पुन्हा कामाचा होतो. त्या काळच्या लांबच लांब, धावपट्टीसारख्या टी याच कामासाठी केलेल्या होत्या, आणि एकाच मशीनने सपाट्याने कापता याव्यात हाही हेतू होता. दिसायला त्या मला आवडत नाहीत, आणि सर्वांना एकाच रेषेतून खेळावे लागते हे त्यांचे वैगुण्य आहे, परंतु उपयोगाच्या दृष्टीने त्या उत्तम आहेत.

यावरून मी या काळातल्या सगळ्याच कोर्सेसची बाजू घेतो असे समजू नये. दोष आहेत आणि काही ठिकाणी ते भारी आहेत. फेअरवेच्या दोन्ही बाजूंना एकाच अंतरावर समोरासमोर बंकर असतील तर तेथे निवड नाही, फक्त शिक्षा आहे. मूळ आराखड्यातच तसे असेल तर तो रचनाकाराचाच दोष मानावा. सगळी पार तीन होल्स पाण्यावरून, हीसुद्धा आळशी आखणी आहे. खेळाडूंना नेणाऱ्या गोल्फ-गाड्या आल्यावर आणि कोर्सभोवती घरांचे भूखंड विकले जाऊ लागल्यावर एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंतची अंतरे वाढली, त्यामुळे चालत खेळणाऱ्याला काही कोर्स नकोसे होतात. ट्रेंट जोन्सने याच काळात आखलेल्या हॅझेल्टाइन कोर्सवर १९७० च्या यू.एस. ओपनमध्ये दुसऱ्या आलेल्या डेव्ह हिलने इतकी कडक टीका केली की त्याला दंड झाला. विजेत्या टोनी जॅकलिनखेरीज कोणीही पारच्या आत नव्हता, आणि आंधळ्या, म्हणजे लक्ष्य न दिसता माराव्या लागणाऱ्या, फटक्यांविषयीच्या तक्रारीत तथ्य होते. पुढे तेथे बरेच बदल झाले आणि १९९१ मध्ये तीच स्पर्धा पुन्हा तेथे भरली. कोर्स सुधारू नये असे माझे म्हणणे नाही.

निचऱ्याची बाब वेगळी. कंकराच्या थरावर वाळूमिश्रित माती घालण्याची यू.एस.जी.ए.ची पद्धत १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीची ग्रीन्स बहुधा जागेवरचीच माती ढकलून केलेली आहेत, आणि चिकण माती असेल तर ती पावसात तुंबतात. अशी ग्रीन्स पुन्हा बांधावीच लागतात. पण बांधण्यापूर्वी प्रत्येक चढउताराची मोजणी करून तीच आकृती वर परत बसवता येते. आमच्या सातव्या ग्रीनचा निचरा चांगला होता, हे मला येथे मुद्दाम नोंदवायचे आहे, कारण अध्यक्षांनी नंतर तेच कारण पुढे केले.

आपल्या क्लबात कोणी आर्किटेक्ट येण्यापूर्वी १९६०च्या दशकातले हवाई छायाचित्र मिळवा, ग्रीनकीपरना विश्वासात घेऊन दोन-तीन ग्रीन्सभोवती नळी घालून पाहा आणि भोके वाळूने बुजवा. पांढऱ्या रंगाची रेघ ओढून झाली की त्याच दिवशी सभासदांना तेथे न्या, झेंडा हरवलेल्या कोपऱ्यात रोवा आणि फेअरवेच्या दोन्ही बाजूंनी त्यांना फटके मारायला लावा. मी ते केले नाही. सभेत छायाचित्रे दाखवली की पुरे, असे मला वाटले. सभा नऊ दिवसांनी होती, आणि मधल्या दोन दिवसांच्या पावसात सातव्या ग्रीनभोवतीची ती रेघ धुऊन गेली होती.